आतडे, यकृत आणि आपले ताट

(सोलापूर जिल्ह्यातील शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यकृताचा आजार म्हटला की आपल्याकडे पहिली शंका घेतली जाते ती दारूची. ‘अमक्याचे लिव्हर बिघडले’ असे गावात समजताच त्याच्याकडे पाहण्याची लोकांची नजर बदलते. ज्याने जन्मात दारूला स्पर्श केला नाही अशा माळकऱ्याला किंवा घरसंसारात राबणाऱ्या गृहिणीला हे निदान ऐकताना आजाराइतकीच लाज वाटते, आणि त्या लाजेपोटी पुढील तपासण्या लांबणीवर पडतात. दारूने यकृताचा नाश होतो, याविषयी दुमत नाही. परंतु दारू न पिणाऱ्यांच्या यकृतातही चरबी साठते आणि अशा व्यक्तींची संख्या फार मोठी आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. त्या वेळी देशातील ९ ते ३२ टक्के लोकांत हा विकार आढळत असल्याचे नमूद करण्यात आले होते. म्हणजे या सभागृहात शंभर माणसे बसली असतील तर त्यांतील किमान आठ-दहा जणांना, कदाचित त्याच्या तिप्पट लोकांना, तो असू शकेल. आणि त्यांपैकी बहुतेकांना त्याची जाणीवही नसेल.

या विकाराच्या कारणांचा शोध घेताना गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांचे लक्ष एका अनपेक्षित ठिकाणी गेले. ते ठिकाण म्हणजे आपले मोठे आतडे आणि त्यात वास्तव्य करणारे असंख्य जीवाणू. आज याच संबंधाविषयी आपणांशी बोलावयाचे आहे.

यकृतातील चरबी

यकृत हा आपल्या पोटातील सर्वांत मोठा अवयव होय. प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो भरते. अन्नातून आलेली साखर साठविणे, गरजेनुसार ती रक्तात सोडणे, पित्त तयार करणे, विषारी द्रव्यांचा निचरा करणे, रक्त गोठण्यास आवश्यक असलेली प्रथिने बनविणे अशी शेकडो कामे ते अहोरात्र करीत असते. निरोगी यकृतात चरबी अल्प असते. तिचे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा अधिक झाले की त्यास मेदयुक्त यकृत किंवा सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दांत ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात.

केवळ चरबी साठली तर अनेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. परंतु काही जणांत त्या चरबीबरोबर सूज येते, सुजेमागून यकृतात चिवट तंतूंचे जाळे पसरू लागते, आणि अखेरीस यकृत आक्रसून निकामी होते. त्यालाच सिऱ्होसिस म्हणतात. पुढे जलोदर, रक्ताची उलटी, क्वचित कर्करोग अशी संकटे उभी राहतात. दारूचा संबंध नसतानाही दारुड्याच्या यकृतासारखे दिसणारे हे चित्र अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये प्रथम एका स्वतंत्र नावाने वर्णिले. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी या विकाराचे नाव बदलून ‘चयापचयाच्या बिघाडाशी निगडित मेदयुक्त यकृतविकार’ अशा अर्थाचे केले. जुन्या नावात दारूचा उल्लेख होता, नव्या नावात तो नाही. रुग्णाच्या माथ्यावरचा अकारण कलंक पुसला जावा, हा त्यामागील एक हेतू होता.

आतड्यातील वस्ती

आता आतड्याकडे वळू. माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, असा शास्त्रज्ञांचा २०१६ मधील अंदाज आहे. शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी आहेत. म्हणजे या देहरूपी घरात मालकापेक्षा बिऱ्हाडकरूंची संख्या काहीशी जास्तच आहे. हे बिऱ्हाडकरू बहुतांशी मोठ्या आतड्यात राहतात.

ते फुकट राहत नाहीत. धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाजीपाला यांतील तंतुमय भाग आपल्या पाचकरसांना पचत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात उतरतो आणि तेथील जीवाणू त्यास आंबवितात. या आंबण्यातून ब्युटिरेट, प्रोपिओनेट, असिटेट यांसारखी आम्ले निर्माण होतात. त्यांपैकी ब्युटिरेट हे आतड्याच्या आतील अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन आहे. हे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते. त्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगून असतात, म्हणूनच आतड्यातील जीवाणू व त्यांची विषे रक्तात शिरू शकत नाहीत. जीवाणूंना त्यांचे अन्न मिळाले तर ते या भिंतीची डागडुजी करतात. ते मिळाले नाही तर भिंत कमकुवत होते.

आतड्यातून यकृताकडे

ही भिंत कमकुवत झाल्याचा फटका यकृताला का बसावा? याचे उत्तर रक्ताभिसरणात आहे. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त थेट आतड्यांकडून एका मोठ्या शिरेवाटे येते. आतड्यात जे जे शोषले जाते त्याची पहिली झडती यकृतात होते. गावच्या वेशीवरील चौकीसारखे त्याचे स्थान आहे.

आतडे व यकृत यांचा हा संबंध तसा जुना आहे. रशियात पावलोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ मध्ये काही कुत्र्यांच्या आतड्यांचे रक्त शस्त्रक्रियेने यकृताला वळसा घालून नेले. मांस खाऊ घालताच ते प्राणी भ्रमिष्ट झाल्यासारखे वागू लागले. सिऱ्होसिसच्या रुग्णालाही असाच भ्रम होतो. आतड्यातील जीवाणू तयार करीत असलेला अमोनिया हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. या भ्रमावर लॅक्टुलोज हे औषध १९६६ पासून वापरात आले. ते आतड्यात काम करते आणि त्याचा गुण मेंदूवर दिसतो. तेव्हा आतड्यातील जीवाणूंमुळे यकृताचे आजारपण वाढते, ही गोष्ट वैद्यकास नवी नाही. यकृतात चरबी साठण्याच्या आरंभीच त्यांचा हात असू शकतो, हे मात्र अलीकडे कळू लागले आहे.

हा हात अनेक प्रकारे चालतो. पहिला प्रकार सुजेचा. काही जीवाणूंच्या बाह्य आवरणात एक विषारी द्रव्य असते. आतड्याची भिंत झिरपू लागली की ते यकृतात पोहोचते. तेथील पहारेकरी पेशी त्यास शत्रू समजून सूज निर्माण करतात. दुसरा प्रकार कोलीन या पोषकद्रव्याचा. यकृतातील चरबी बाहेर पाठविण्यास कोलीन लागते, परंतु काही जीवाणू ते मध्येच फस्त करतात. तिसरा प्रकार पित्ताचा. यकृताने आतड्यात सोडलेल्या पित्तातील आम्लांचे स्वरूप जीवाणू बदलतात, आणि ती बदललेली आम्ले परत जाऊन चरबी व साखर यांच्या व्यवहाराबाबत यकृताला संदेश देतात. चौथा प्रकार साखरेचा. फ्रुक्टोज ही साखर फार प्रमाणात पोटात गेली की तिचा काही भाग जीवाणूंपर्यंत पोहोचतो. ते तिचे असिटेट करतात आणि त्यापासून यकृत नवी चरबी तयार करते.

पाचवा प्रकार सर्वांत नवलाचा आहे. काही जीवाणू आतड्यातच मद्यार्क तयार करतात. चीनमधील संशोधकांनी २०१९ मध्ये अशा एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. दारू न पिता, केवळ पिठूळ व गोड जेवणानंतर त्याच्या रक्तात मद्यार्क वाढत असे, आणि त्याच्या यकृतात चरबी व सूज होती. क्लेबसिएला नावाचा जीवाणू त्यास कारण होता. मग त्यांनी फॅटी लिव्हरचे इतर रुग्ण तपासले. त्या गटातील सुमारे ६० टक्के जणांच्या आतड्यात मद्यार्क बनविणारे असे जीवाणू सापडले. हा एका गटाचा निष्कर्ष आहे, तो सर्वांना लावता येणार नाही. दारू पिणाऱ्याने त्याची सबब करणे तर साफ चुकीचे ठरेल. परंतु न पिणाऱ्या रुग्णावर संशय घेण्यापूर्वी आपण थोडे थांबावे, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

कारण की केवळ सोबत?

आजारी माणसाच्या आतड्यात वेगळे जीवाणू दिसले, म्हणजे तेच आजाराचे कारण असे सिद्ध होत नाही. कदाचित आजारामुळे जीवाणू बदलले असतील. हा प्रश्न सोडविण्यासाठी जंतुविरहित उंदरांवर प्रयोग करण्यात आले. फ्रान्समध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही उंदरांना स्निग्ध आहार देण्यात आला. त्यांतील काहींच्या यकृतात चरबी साठली, काहींच्या नाही. दोन्ही प्रकारच्या उंदरांचे जीवाणू जंतुविरहित उंदरांच्या आतड्यात सोडून त्यांनाही तोच आहार दिला. ज्यांना आजारी उंदराचे जीवाणू मिळाले त्यांच्या यकृतात चरबी अधिक साठली. आहार एक असूनही फळ निराळे मिळाले, आणि फरक होता तो जीवाणूंचा.

माणसांतही काही पुरावा मिळाला आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी चाचणीत फॅटी लिव्हरच्या २०० रुग्णांपैकी निम्म्यांना चार महिने मक्यापासून काढलेले, सहज न पचणारे स्टार्च देण्यात आले, तर उरलेल्यांना साधे स्टार्च मिळाले. पहिल्या गटातील रुग्णांच्या यकृतातील चरबी घटली आणि त्यासोबत त्यांच्या आतड्यातील जीवाणूंची घडणही बदलली. तरीही या विकाराचे सारे खापर जीवाणूंवर फोडणे योग्य नव्हे. आनुवंशिकता, मधुमेह, पोटाचा घेर आणि बैठे जीवन यांचा वाटा मोठाच आहे. जीवाणू हे त्या साखळीतील एक दुवा आहेत. मात्र आपल्या ताटाने बदलता येणारा असा तो दुवा आहे.

सडपातळ माणसाचा धोका

आपल्याकडे या विकाराचे एक वैशिष्ट्य आहे. पाश्चात्त्य देशांत तो मुख्यतः लठ्ठ माणसांत दिसतो. आपल्याकडे अंगाने किरकोळ माणसालाही तो होतो. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील एक पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ८.७ टक्के प्रौढांच्या यकृतात चरबी आढळली आणि त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश लोक लठ्ठ नव्हते.

याचे मर्म पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका उदाहरणाने जगापुढे मांडले. २००४ मध्ये त्यांनी व ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सारखा. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला कृश आणि आतून मेदयुक्त, अशी ही भारतीय ठेवण आहे. पुण्याजवळील खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात तिची चिन्हे नवजात बालकांतही आढळली. म्हणून ‘मी बारीक आहे, मला काय होणार?’ ही समजूत आपल्या भागात धोक्याची आहे. वजनकाट्यापेक्षा कमरेची टेप अधिक खरे बोलते. पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांपुढील घेर सावधगिरीची सूचना देतो.

आतड्यातील जीवाणूंची घडणही सर्वत्र सारखी नसते. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांचे जीवाणू तपासले. वयाप्रमाणे ही वस्ती बदलत जाते, असे त्यांचे २०१२ मधील निष्कर्ष सांगतात. मध्य भारत व केरळ येथील लोकांच्या तुलनेत, धान्य व डाळींवर भर असलेल्या मध्य भारतातील आहारात प्रिव्होटेला या जीवाणूंचे प्राबल्य आढळले. तात्पर्य, परदेशी बाटलीतील जीवाणूंवर विसंबण्यापूर्वी आपल्या जीवाणूंना आपले कोणते अन्न मानवते, हे पाहिले पाहिजे.

सोलापूरचे ताट

या दृष्टीने आपला जिल्हा भाग्यवान आहे. सोलापूर म्हणजे रब्बी ज्वारीचे माहेर. मालदांडी ३५-१ हा प्रसिद्ध वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातील निवडीतून आला. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, हरभऱ्याचा पाला, अंबाडीची भाजी, शेंगाचटणी आणि ताक हा आपला परंपरागत आहार. वेळ अमावास्येला शेतात बसून आपण आंबील आणि भज्जी खातो. त्या एका भज्जीत किती तऱ्हांच्या शेंगा, दाणे आणि पाला असतो, याची मोजदाद करून पाहावी. आतड्यातील जीवाणूंना हवे असते ते नेमके असे वैविध्य.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय भाग असतो, सालीसह हरभऱ्यात सुमारे २५ ग्रॅम, तर मैद्यात जेमतेम ३ ग्रॅम. येथे एक खुलासा आवश्यक आहे. कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पिठातही सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात. म्हणून घरच्या पोळीला दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो मैद्याचा, पाव-बिस्किटांचा, तळलेल्या पाकीटबंद पदार्थांचा आणि गोड शीतपेयांचा. शिजवून थंड झालेल्या धान्यातील काही स्टार्चही पचनास कठीण होते आणि जीवाणूंच्या वाट्याला येते. त्यामुळे ताकात कुस्करलेल्या शिळ्या भाकरीला हसण्याचे कारण नाही. मात्र तेवढ्याने ती फॅटी लिव्हरचे औषध ठरत नाही.

हे ताट बदलत आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याने जिल्ह्यात ऊस वाढला, समृद्धी आली आणि ती स्वागतार्हच आहे. परंतु शेतात पिकणारी साखर सारीच आपल्या पोटात जावी असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचविले आहे की, दिवसाची वरून घातलेली साखर शक्य तर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवावी. चहाचा एक चमचा साखर म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. दोन चमचे साखरेचे चार कप चहा झाले की ४० ग्रॅम साखर पोटात गेली. ग्रामपंचायतीच्या कचेरीत दिवसाकाठी किती कप होतात, ते आपण जाणताच. उपवासाचीही हीच कथा. साबुदाणा, बटाटा, तूप आणि साखर यांनी भरलेले ताट पाहून ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आठवल्याशिवाय राहत नाही.

औषधे आणि भुलावणी

‘यकृत शुद्ध करणारी’ चूर्णे, काढे आणि गोळ्या यांच्या जाहिरातींना आज ऊत आला आहे. अशा औषधांपैकी काहींनी यकृतास उलट इजा होते. जीवाणूयुक्त गोळ्यांच्या चाचण्यांत काही रुग्णांच्या रक्तातील यकृताचे आकडे सुधारलेले दिसले, तरी त्या या विकाराचा मान्यताप्राप्त उपचार नाहीत. निरोगी माणसाच्या आतड्यातील जीवाणू रुग्णास देण्याचा उपायही या विकारात अद्याप संशोधनाच्याच पातळीवर आहे. सर्दी-पडशासाठी मनाने प्रतिजैविके घेण्याची सवय तर आतड्यातील उपयुक्त वस्ती उजाड करते. ती सोडलीच पाहिजे.

सिद्ध झालेला उपाय साधा आहे, पण चिकाटीचा आहे. वजन अधिक असल्यास ते ५ टक्क्यांनी घटले तरी यकृतातील चरबी कमी होते. ७ ते १० टक्क्यांनी घटल्यास सूजही ओसरू लागते. म्हणजे ७० किलोच्या माणसाने साडेतीन किलो कमी करण्यापासून आरंभ करावा. त्यास आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे भरभर चालण्याची जोड द्यावी. यंत्रमागाजवळ दिवसभर उभे राहणे किंवा बसून विड्या वळणे म्हणजे कष्ट आहेत, पण तो व्यायाम नव्हे. मधुमेह व रक्तदाब आटोक्यात ठेवावेत. ज्याच्या यकृतात चरबी आहे त्याने दारू पूर्ण वर्ज्य करावी.

आपण काय करावे

शेवटी, आपणां प्रत्येकाकडे एक-एक मागणे आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना आतड्यातील या उपयुक्त सोबत्यांची ओळख करून द्यावी. जंतू म्हणजे शत्रू एवढेच शिकविणे आता पुरेसे नाही. मोड आलेली मटकी वर्गात दाखवावी, डब्यातील पाकीटबंद पदार्थांविषयी पालकसभेत बोलावे.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय एकदा तरी घ्यावा. सभेच्या अल्पोपाहारात बिस्किटांऐवजी भाजलेले हरभरे, शेंगदाणे किंवा उसळ ठेवणे अवघड नाही. चहात साखर निम्मी करण्यास तर कोणत्याही ठरावाची गरज नाही. गावात संध्याकाळी स्त्रियांना निर्धास्तपणे चालता येईल असा एखादा उजेडाचा रस्ता असावा. तोही आरोग्याचाच कार्यक्रम आहे.

आरोग्य व इतर खात्यांतील अधिकाऱ्यांनी तीस वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीत कमरेचा घेर मोजण्याचे काम केवळ रकाना भरण्यापुरते ठेवू नये. मधुमेही आणि वाढलेल्या घेराच्या व्यक्तींची यकृताची तपासणी व्हावी. वय, यकृताची दोन एन्झाइमे आणि रक्तातील प्लेटलेटची संख्या एवढ्या साध्या माहितीवरून ‘फिब-४’ हा गुणांक काढता येतो. कोणाला पुढील तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावयाचे, हे त्यावरून ठरविता येते. या आजारात प्रारंभी दुखत नाही, खुपत नाही. म्हणून रुग्ण आपल्याकडे येईल याची वाट पाहणे म्हणजे जलोदराची वाट पाहणे होय.

आणि सर्वांकडे मिळून एक मागणे. गावात कोणाला यकृताचा आजार झाल्याचे कळले तर ‘किती पीत होता?’ हा प्रश्न आधी विचारू नका. ‘तपासणी केलीत का? दवाखान्यात सोबत येऊ का?’ असे विचारा. त्या एका प्रश्नाने एखादा माणूस दोन वर्षे आधी दवाखान्यात पोहोचेल. या आजारात दोन वर्षांचे मोल मोठे आहे, कारण आरंभीचे यकृत सुधारण्यास तयार असते.